स्क्रीनवरचा बाण गेला कुठे?

कोलकात्यातल्या मराठी घरांत सुट्टीच्या आधी ही वेळ कधी ना कधी येतेच. गीतांजली एक्स्प्रेसचे तत्काळ तिकीट काढायचे असते. वातानुकूलित डब्याचे आरक्षण सकाळी दहाला उघडते म्हणून संगणक साडेनऊलाच सुरू करून ठेवलेला असतो. दहाला पाच मिनिटे कमी असताना लक्षात येते की स्क्रीनवरचा बाण दिसतच नाही. माउस हलवून होतो, आपटून होतो, तार काढून पुन्हा लावून होते आणि शेवटी वैतागून बटण दाबून अख्खा संगणक बंद केला जातो. तो पुन्हा सुरू होईपर्यंत आरक्षण प्रतीक्षा यादीवर गेलेले असते.

बहुतेक वेळा यातले काहीच करायची गरज नसते. बाण दिसत नाही म्हणजे संगणक बिघडला असे नाही, आणि पुष्कळदा माउसही बिघडलेला नसतो. बिघडलेले असते ते फक्त एक लहानसे चित्र. हे चित्र कुठून येते हे एकदा कळले की ते का नाहीसे होते हेही कळते, आणि दुरुस्ती आपोआप सुचू लागते.

संगणकाला बाणाची गरज कधीच नव्हती, आणि याचा पुरावा कोलकात्यातच आहे. शहराच्या उत्तरेला बराकपूर ट्रंक रोडवर, बरानगरमध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उभी केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आहे. भारतातला पहिला डिजिटल संगणक इथे १९५६ मध्ये चालू झाला. एचईसी-२एम हे त्याचे नाव. इंग्लंडच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने तो बनवला होता आणि त्याच्या मूळ रचनेमागे अँड्र्यू बूथ यांचे काम होते. खोली व्यापणारे हे यंत्र फिरत्या चुंबकी ड्रमवर जेमतेम १०२४ शब्द साठवू शकत असे. माहिती आत जायची ती भोके पाडलेल्या कार्डांवरून, आणि उत्तर बाहेर यायचे ते छापून. आज आपल्या टेबलावर असतो तसा स्क्रीन त्याला नव्हता, मग बाण कुठून असणार? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागला. त्याला आलेख दाखवणारा कॅथोड किरण नळीचा पडदा जोडला होता, पण त्या पडद्यावरही माणसाच्या हाताने फिरणारा बाण नव्हता.

माउस त्यानंतर आला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस तयार केला. एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या, एवढेच त्याचे यंत्र. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. पुढे १९७३ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आल्टो हा संगणक झाला. त्याच्यावर १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटीत बाण काढला जात असे. आज आपला बाण डावीकडे कललेला दिसतो ती खोड तिथली आहे. इतक्या थोड्या ठिपक्यांत सरळ उभा बाण स्पष्ट उमटेना, पण एक कड उभी आणि दुसरी तिरपी ठेवली की तो लगेच ओळखू येई.

आता आजच्या संगणकाकडे येऊ. आपण स्क्रीनवर पाहतो ती पाने, खिडक्या, फोटो हे सगळे एक चित्र म्हणून तयार होते. बाण त्या चित्रात नसतो. ग्राफिक्सचा भाग तो वेगळा काढतो आणि स्क्रीनकडे जाणाऱ्या चित्रावर शेवटच्या क्षणी ठेवतो. शाळेत गुरुजींची छडी नकाशावर फिरायची, पण नकाशाला काही व्हायचे नाही, तसेच हे आहे. म्हणून संगणकावर स्क्रीनचा फोटो घेतला, म्हणजे स्क्रीनशॉट काढला, तर त्यात सहसा बाण येत नाही. छडी बाजूला गेली म्हणून नकाशा पुसला जात नाही. बाण गेला तरी खाली संगणकाचे काम बिनदिक्कत चालू असते.

विंडोजमध्ये याचा हिशेब फार साधा ठेवलेला आहे. बाण दाखवायचा की लपवायचा यासाठी एक मोजणी असते. एखाद्या प्रोग्रॅमने 'लपव' म्हटले की ती एकाने कमी होते, 'दाखव' म्हटले की एकाने वाढते. मोजणी शून्य किंवा त्याहून जास्त असेल तरच बाण दिसतो. माउस जोडलेला असेल तर सुरुवात शून्यापासून होते, आणि संगणकाला एकही माउस सापडला नाही तर उणे एकपासून. म्हणजे माउस ओळखला गेला नाही तर विंडोज बाण मुळात काढतच नाही. व्हिडिओ पाहताना किंवा गेम खेळताना प्रोग्रॅम बाण लपवतो आणि तो प्रोग्रॅम मध्येच अडकला तर 'दाखव' म्हणायचे राहून जाते. बाण गेल्याच्या तक्रारी बव्हंशी याच दोन मुळांशी येऊन पोचतात: माउस संगणकापर्यंत पोचलेला नाही, किंवा पोचला आहे पण त्याचे चित्र काढले जात नाही.

या दोहोंतला फरक ओळखायला अर्धे मिनिट पुरते. माउस स्क्रीनच्या मध्याच्या अंदाजाने हलवा आणि उजवे बटण दाबा. कुठेतरी छोटी यादी उघडली तर माउस जिवंत आहे, फक्त चित्र गायब आहे. किंवा माउस खाली, विंडोजच्या पट्टीकडे न्या. तिथल्या चिन्हांवरून जाताना ती एकेक उजळतात का पाहा. काहीच घडले नाही तर कीबोर्डवरची कॅप्स लॉक दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर संगणक शुद्धीवर आहे आणि दोष माउसच्या बाजूला आहे. दिवाही ढिम्म राहिला तर मात्र संगणकच थिजला आहे, आणि बटण दाबून बंद करण्याची वेळ तेव्हाच येते. त्याच्या आधी कधीही नाही, कारण न जतन केलेले काम त्यात जाते.

आधी पहिली शक्यता पाहू: माउस जिवंत, बाण गायब. शाळा, महाविद्यालये आणि सभागृहांत याचे सगळ्यात मोठे कारण प्रोजेक्टर असते. लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडला की विंडोज पुष्कळदा दोन्ही पडदे शेजारी-शेजारी एकच मोठा पडदा असल्यासारखे धरते. बाण उजव्या कडेवरून पलीकडच्या पडद्यावर जातो. प्रोजेक्टर बंद असला तरी तार लावलेली असेल तर तो तिथेच राहतो, आणि वक्ते श्रोत्यांसमोर घामाघूम होतात. विंडोजचे चिन्ह असलेली की आणि पी एकत्र दाबा. कडेला यादी येते; बाणांच्या कीने त्यातला सर्वांत वरचा, फक्त संगणकाच्या स्क्रीनचा पर्याय निवडून एंटर दाबा. बाण परत येतो.

प्रोजेक्टर नसेल तर ऑल्ट आणि टॅब दाबून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन पाहा. तिथे बाण दिसला तर दोष आधीच्या प्रोग्रॅमचा. तो ऑल्ट आणि एफ-४ ने बंद करा. कुठेच दिसला नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, कधी टिक्क असा आवाज येतो, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो. उघडी कामे जागच्या जागी राहतात. बाण काढण्याचे काम याच ड्रायव्हरचे, त्यामुळे विंडोज १० आणि ११ वर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. संगणक बंद करून सुरू करण्याआधी हाच करून पाहावा असे माझे ठाम मत आहे.

टाइप करताना बाण जातो आणि माउस हलवला की येतो, हा बिघाडच नव्हे. अक्षरांवर बाण आडवा येऊ नये म्हणून विंडोजमध्ये तशी सोय मुद्दाम आहे. ती नको असेल तर विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत रोमन लिपीत एम-ए-आय-एन, मग टिंब, मग सी-पी-एल असे टाइप करून एंटर दाबा. माउसच्या सगळ्या जुन्या सेटिंग्जची खिडकी उघडते. कंट्रोल आणि टॅबने वरचे कप्पे बदलतात. पॉइंटर ऑप्शन्स या कप्प्यात टॅबने एकेका ओळीवर जाता येते आणि स्पेसबारने खूण करता किंवा काढता येते. याच कप्प्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळे आकसत जाऊन त्याची जागा दाखवणारी खूण. घरात साठीपुढचे कुणी संगणक वापरत असेल तर ती आजच करून ठेवावी. दुसरी, बाणामागे शेपटी दाखवण्याची खूण. शेपटी कुणाला फारशी नको असते, पण ती चालू केली की विंडोजला बाण वेगळ्या पद्धतीने, सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या गोंधळात गडप झालेला बाण कधीकधी एवढ्यानेच परततो.

स्पर्शाने चालणारी स्क्रीन असलेल्या लॅपटॉपवर बोट लावले की बाण लपतो, माउस हलवला की येतो. हेही ठरवूनच केलेले. नव्या, बारीक ठिपक्यांच्या मोठ्या स्क्रीनवर पांढरा बाण पांढऱ्या पानात विरघळून जातो. विंडोज आणि आय दाबून सेटिंग्ज उघडा आणि ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन बाणाचा आकार मोठा आणि रंग गडद करा. म्हाताऱ्या माणसांची बाण हरवल्याची तक्रार पुष्कळदा याने कायमची मिटते. डोळ्यांचा दोष मानून गप्प बसणारी माणसे मी पाहिली आहेत. दोष त्यांचा नसतो, सेटिंगचा असतो.

आता दुसरी शक्यता, माउसच पोचत नाही. इथे कोलकात्याची हवा मधे येते. आजचा माउस म्हणजे खालच्या बाजूला बसवलेला एक चिमुकला कॅमेरा. दिव्याच्या उजेडात तो टेबलाच्या पृष्ठभागाची दर सेकंदाला दीड हजार किंवा त्याहून कितीतरी जास्त चित्रे टिपतो आणि एक चित्र दुसऱ्यापेक्षा किती सरकले त्यावरून हालचाल मोजतो. त्याला टेबलाचा बारीक खडबडीतपणा दिसावा लागतो. आपल्याकडच्या आणि बंगालमधल्या जुन्या कचेऱ्यांत टेबलावर काच असते, तिच्याखाली फोन नंबर आणि देवाचे फोटो ठेवलेले. काचेत टिपण्यासारखे काही नसते, म्हणून माउस अडखळतो किंवा मुळीच सरकत नाही. खाली वर्तमानपत्राची घडी किंवा साधी वही ठेवली की चालू लागतो. जून ते सप्टेंबर हवा दमट असताना काचेवर ओलसर थर बसतो, तेव्हा हे जास्त जाणवते.

लॅपटॉपच्या टचपॅडला ओल चालत नाही. बोटामुळे विद्युतधारितेत होणारा बदल टचपॅड ओळखतो, आणि पाण्याचा थेंब किंवा घामाचे बोट त्याला फसवते. बाण उड्या मारतो किंवा थिजतो. कोरड्या सुती फडक्याने पुसणे एवढाच त्यावर इलाज. टचपॅड पूर्ण बंद पडला असेल तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत टचपॅडचे चित्र असलेली की शोधा. नकळत ती दाबली गेली की टचपॅड बंद होतो. पुन्हा दाबली, कधी एफएन कीसोबत, की चालू होतो. काही लॅपटॉपवर टचपॅडच्या डाव्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारली तरी तो बंद होतो. शिवाय बाहेरचा माउस जोडल्यावर टचपॅड बंद ठेवायचे एक सेटिंग असते. बिनतारी माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा चिमुकला तुकडा, विसरून तसाच लावलेला राहिला तर टचपॅड कसा चालणार?

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, दाबला जात नसेल किंवा लॅपटॉपचे झाकण नीट बसत नसेल, तर खालची बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलेपर्यंत तो वापरू नका. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

बिनतारी माउसचे पहिले प्रश्न साधे असतात: खालचे बटण चालू आहे का, सेल संपला आहे का, डोंगल नीट बसला आहे का. यातली कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे यूएसबी ३ चे निळे छिद्र. त्यात वेगाने चालणारी हार्ड डिस्क लावली की तिच्यापासून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, आणि बिनतारी माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या छिद्रात किंवा छोट्या वाढीव तारेवर लावला की फरक पडतो. जुन्या सरकारी संगणकांवर गोल टोकाचे, पीएस/२ पद्धतीचे माउस अजून आढळतात. ते चालू संगणकात लावले तर ओळखले जातीलच असे नाही. संगणक बंद करून लावा, मग सुरू करा.

एवढे करूनही माउस मेलेला असेल तर तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथेही नाही चालला तर नवा घ्या; तारेचा साधा माउस दुरुस्त करण्यात शहाणपण नाही. कोलकात्यात मेट्रोच्या चांदनी चौक स्थानकातून वर आलात की सुट्या भागांच्या दुकानांची दाटी लागते, आणि तिथले कारागीर तुमच्या डोळ्यांदेखत माउस लावून दाखवतात. दुसऱ्या संगणकावर तो चालला तर आपल्या संगणकातला ड्रायव्हर पाहावा लागेल. विंडोज आणि एक्स दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा, बाणांच्या कीने माउसच्या ओळीवर जा, शिफ्ट आणि एफ-१० ने त्याची यादी उघडा आणि ते उपकरण काढून टाकून संगणक पुन्हा सुरू करा. सुरू होताना विंडोज त्याला नव्याने ओळखते. अद्ययावत केल्यानंतर लगेच बिघाड आला असेल तर तिथेच जुन्या ड्रायव्हरवर परतण्याचा पर्यायही सापडतो.

वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या युक्त्या कीबोर्डवरच्या आहेत. बाण हरवल्यावर हात उरतो तो कीबोर्डचाच, आणि आपण नेमका तो विसरत चाललो आहोत. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये शिफारशी केल्यानंतर शाखाशाखांत खातेवहीची यंत्रे आली. त्या काळात काम केलेल्या कर्मचाऱ्यांना माउस ठाऊकच नव्हता. बडाबाजारातला मुनीम आजही टॅलीवर दिवसभर नोंदी करतो आणि त्याचा उजवा हात आकड्यांच्या कीवरून क्वचितच हलतो. ही माणसे बाण गेल्याने अडत नाहीत.

आणि ज्यांना बाण कधी दिसलाच नाही, ते? कोलकात्याची वेबेल मीडियाट्रॉनिक्स आणि पुण्याची सी-डॅक यांनी मिळून 'श्रुती-दृष्टी' नावाची प्रणाली तयार केली. वेबपान वाचून दाखवायचे आणि तेच ब्रेलमध्ये उमटवायचे, हे तिचे काम. नरेंद्रपूरच्या रामकृष्ण मिशनची अंध मुलांची शाळा कोलकात्याच्या दक्षिणेला आहे. अशा शाळांतली मुले संगणक शिकतात ती स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आवाजावर आणि पूर्णपणे कीबोर्डवर. टॅब, बाणांच्या की, एंटर, ऑल्ट, एवढ्यावर ती पत्रे लिहितात, हिशेब करतात, इंटरनेट वापरतात. हे शक्य आहे कारण विंडोजमधल्या जवळपास प्रत्येक कामाला कीबोर्डचा रस्ता ठेवलेला आहे. पण कित्येक संकेतस्थळे आणि ॲप हा रस्ता बंद करून टाकतात. टॅब दाबत गेले तरी 'पुढे' या बटणावर पोचताच येत नाही. तिथे दृष्टिहीन माणूस कायमचा अडतो, आणि बाण हरवलेला डोळसही त्या दिवसापुरता त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. सरकारी पोर्टल आणि बँकांची पाने बनवणाऱ्यांनी आपले पान माउस काढून ठेवून एकदा शेवटपर्यंत चालवून पाहिलेच पाहिजे.

डोळसांसाठी विंडोजमध्ये एक शेवटचा आधार आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या तीन की एकदम दाबा. विचारणा आली तर एंटर. आता कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी बाण चालतो: ८ ने वर, २ ने खाली, ४ आणि ६ ने बाजूंना, ५ ने क्लिक, अधिकच्या चिन्हाने दोनदा क्लिक. संगणकाला एकही माउस सापडत नसेल तरी ही सोय चालू केली की विंडोजला बाण दाखवावा लागतो. ज्या लॅपटॉपवर वेगळे आकडे नसतात त्यांच्या मालकांनी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माउस कीज शोधून पाहाव्यात, किंवा कुणाचा तरी आकड्यांसह मोठा कीबोर्ड तेवढ्यापुरता लावावा.

वाचकांना एक विनंती आहे. विंडोज आणि पी. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी. डावी ऑल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक: या तीन ओळी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवा. मग एखाद्या रविवारी माउस कपाटात ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांसकट, फक्त कीबोर्डवर एक पत्र लिहून, जतन करून, संगणक नीट बंद करून दाखवावा.